जपानी ढोल, वर्ध्याची वाट : पायी बौद्ध यात्रेचा एक दिवस

सेवाग्राम आश्रमात सायंप्रार्थनेला पहिल्यांदा बसणाऱ्याला सुरुवातीलाच एक कोडे पडते. पुढे ईशावास्याचा मंत्र येतो, एकादश व्रते येतात, वेगवेगळ्या धर्मांतल्या प्रार्थना येतात, भजन आणि रामधून होते. पण या सगळ्यांच्या आधी ऐकू येतात ते ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हे शब्द. ते मराठी नाहीत, हिंदी नाहीत, कुठल्या ओळखीच्या स्तोत्रातलेही नाहीत. तो एक जपानी बौद्ध मंत्र आहे. विदर्भातल्या खेड्यात, गांधीजींच्या आश्रमात, प्रार्थनेचा पहिला मान जपानी मंत्राला कसा मिळाला?

उत्तरासाठी पायी चालण्याच्या एका साधनेकडे वळावे लागते. हातात ढोल, तोंडी मंत्र आणि पायाखाली वाट एवढ्याच सामग्रीवर ही यात्रा चालते. वर्ध्याच्या परिसरात तिच्या खुणा आजही पायी फिरून पाहता येतात. त्यासाठी नालवाडीहून सकाळी निघून संध्याकाळी सेवाग्रामला पोहोचण्याइतका एक दिवस पुरतो. परदेशातून आलेल्या, इथली भाषा न येणाऱ्या माणसालाही ही यात्रा करता येते. ती त्याला का जमते, हे समजले की यात्रेचे सारे गमक उलगडते.

ढोल घेऊन आलेला यात्रेकरू

निचिदात्सु फुजी यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ रोजी जपानमधल्या कुमामोतो प्रांतात झाला. तेराव्या शतकातले जपानी धर्मगुरू निचिरेन यांच्या परंपरेत त्यांनी भिक्षूची दीक्षा घेतली आणि पुढे ‘निप्पोन्झान म्योहोजी’ हा भिक्षुसंघ उभा केला. भारतातून पूर्वेकडे गेलेला धर्म एक दिवस पूर्वेकडून पुन्हा भारतात परतेल, अशी निचिरेन यांची श्रद्धा होती. ती खरी करणे ही फुजी यांनी आपली जबाबदारी मानली. १९३१ मध्ये ते कलकत्त्याला उतरले आणि ढोल वाजवत, मंत्र म्हणत रस्त्यांवरून फिरू लागले.

४ ऑक्टोबर १९३३ रोजी वर्ध्यात त्यांची आणि गांधीजींची भेट झाली. ‘फुजी गुरुजी’ हे त्यांचे नाव या सहवासातलेच. त्या काळात वर्ध्याचा परिसर प्रयोगांनी गजबजलेला होता. १९३२ च्या अखेरीस विनोबा नालवाडीत राहायला आले होते. प्रामुख्याने दलितवस्तीच्या या गावात सूत कातून, त्याच्या मजुरीवरच पोट भरता येते का, हे ते स्वतःवर पडताळून पाहत होते. चर्मोद्योगाचे कामही नालवाडीत उभे राहिले. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले. त्या गावाचेच पुढे सेवाग्राम झाले.

फुजी गुरुजींच्या संघातला एक जपानी भिक्षू सेवाग्रामच्या आश्रमात राहत असे. आश्रमात त्याला केशव म्हणत. तो आश्रमाची कामे करी आणि ढोल वाजवून नेमाने आपली उपासना करी. १९४१ च्या डिसेंबरात जपान महायुद्धात उतरला. जपानी नागरिक इंग्रज सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे ठरले आणि पोलीस केशवला घेऊन गेले. मागे राहिला तो त्याचा छोटा ढोल. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून जाहीर पत्र लिहिले. त्यात त्यांनी जपानच्या आक्रमणाचा कठोर शब्दांत निषेध केला, आणि त्याच पत्रात या भिक्षूची आठवण काढून आश्रमाची प्रार्थना त्याच्या ढोलाने सुरू होते, असेही कळवले. कोड्याचे उत्तर हे आहे. ज्या देशाशी युद्ध चालू होते, त्या देशाच्या एका माणसाची उपासना आश्रमाने बंद पडू दिली नाही.

पहाट : मंत्र, श्वास आणि पाऊल

विदर्भात पायी निघायचे तर पहाटेच. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे यात्रेला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सोयीचे, आणि तेव्हाही सकाळ लवकर गाठलेली बरी. नालवाडी नागपूर रस्त्यावर, वर्धा शहराला जवळजवळ चिकटून आहे. वाहनांची वर्दळ वाढण्याआधी निघाले तर ढोलाचा आवाज स्वतःलाही नीट ऐकू येतो.

हा ढोल गळ्यात अडकवायचा नसतो. एका गोल कड्यावर एकाच बाजूने कातडे ताणून बसवलेले असते आणि कड्याला हाताने धरायची मूठ असते. डाव्या हातात मूठ, उजव्या हातात लाकडी काठी. वजन इतके कमी की तासन्‌तास धरता येतो; कातडे इतके ताणलेले की आवाज लांबवर जातो. चालणाऱ्याच्या सोयीनेच हे वाद्य घडले आहे.

मंत्राचे मूळ रूप ‘ना-मु-म्यो-हो-रेन-गे-क्यो’ असे सात अक्षरांचे. ‘सद्धर्मपुंडरीक सूत्र’ या महायान ग्रंथाचे चिनी नाव जपानी उच्चारात आणि त्याच्यापुढे ‘नमो’, एवढाच तो आहे. कुमारजीव या पंडिताने इ. स. ४०६ मध्ये या ग्रंथाचे चिनी भाषांतर केले. संपूर्ण ग्रंथ वाचणे ज्याला शक्य नाही, त्याने त्याचे नाव जरी मनापासून घेतले तरी साधना घडते, ही निचिरेन यांची शिकवण. त्यामुळे अक्षरओळख नसलेला शेतकरी आणि परका प्रवासी दोघेही या साधनेत एकाच पायरीवर उभे राहतात.

चालताना शरीरात एकाच वेळी तीन गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट पावलांची. ठरावीक अंतराने ठोका ऐकू आला की पाऊल आपोआप त्यावर पडू लागते. ऐकण्याचे आणि हालचालीचे काम करणारे मेंदूतले भाग एकमेकांशी घट्ट जोडलेले असतात, म्हणून पुढचा ठोका केव्हा येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि पायाला तसा निरोप जातो. कंपवाताच्या रुग्णांची अडखळणारी चाल सुधारण्यासाठी उपचारात तालबद्ध ठोक्यांचा उपयोग करतात, तो याच कारणाने. वारीच्या दिंडीत टाळ-मृदंगाचा ठेका जे काम करतो, तेच इथे ढोल करतो : म्हातारा, तरुण, सवयीचा, नवखा अशा सगळ्यांची चाल एका मापात येते आणि ‘आणखी किती राहिले’ हा विचार मागे पडतो.

दुसरी गोष्ट श्वासाची. मंत्र म्हणताना श्वास सोडणे लांबते आणि ओळ संपली की घेणे होते. २००१ मध्ये लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे’ हा बौद्ध मंत्र म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सुमारे सहा वेळा या गतीवर येतो, आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब यांच्यातला चढउतार त्या गतीशी जुळतो, असे त्यात दिसले. तो प्रयोग चालणाऱ्या माणसांवर नव्हता. चालताना श्वास अर्थातच अधिक जलद असतो. तरी मंत्राच्या लांबीने श्वासाला शिस्त लागते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

तिसरी गोष्ट मनाची. हात ठोक्यात, तोंड मंत्रात, पाय वाटेत गुंतले की भटकायला मनाला फारशी जागा उरत नाही. बसून ध्यान करताना नवशिक्याला मन आवरणे जड जाते. चालत्या साधनेत ते काम शरीरच बरेचसे उचलते.

वाटेवरचे वंदन

या संघाचे भिक्षू रस्त्यात भेटणाऱ्याला थांबून, दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून वंदन करतात. समोरचा ओळखीचा असो नसो, बौद्ध असो नसो. याचे मूळ सद्धर्मपुंडरीक सूत्रातल्या सदापरिभूत नावाच्या बोधिसत्त्वाच्या कथेत आहे. तो शास्त्रांचे पठण करीत नसे. जो भेटेल त्याला वंदन करून ‘आपण पुढे बुद्ध व्हाल’ असे सांगे. लोक चिडत, दगड भिरकावत. तो लांब जाऊन तिथूनही वंदन करीच.

परदेशी यात्रेकरूची भाषेची अडचण नेमकी इथे सुटते. जोडलेले हात वर्ध्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. चहाच्या टपरीवर, शेताच्या धुऱ्यावर, शाळेला निघालेल्या मुलांसमोर तो वाकला की समोरून हात जोडले जातात, आणि ओळख तिथेच होते.

नालवाडीच्या आसपासच्या वस्त्यांत त्याला बौद्ध धर्माचे दुसरे रूपही भेटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा घेतली आणि विदर्भातल्या गावोगावच्या हजारो कुटुंबांनी तोच मार्ग धरला. इथल्या विहारांत वंदना पालीत होते. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याचे त्रिशरण आणि आचरणाचे पाच नियम सांगणारे पंचशील हे तिचे मुख्य अंग. सोबत बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा आहेत आणि समतेचा आग्रह आहे. जपानी मंत्राची परंपरा महायानाची, इथली धाटणी वेगळी. हा फरक यात्रेकरूने नीट समजून घ्यावा, कारण इथे बुद्ध हा केवळ पूजेचा विषय नाही. माणूस म्हणून ताठ उभे राहण्याचा आधार आहे.

या दोन प्रवाहांना जोडणारे एक ठळक नाव नागपुरात आहे. जपानमधून आलेले भदंत सुरई ससाई १९६० च्या दशकात राजगीरला फुजी गुरुजींच्या स्तूपाच्या कामात होते. पुढे ते नागपूरला आले, आंबेडकरी बौद्ध समाजात मिसळून गेले आणि भारताचे नागरिक झाले.

सकाळ : स्तूपाला आत जायचे दार का नसते?

नालवाडीच्या शेजारीच गोपुरी आहे. जमनालाल बजाज यांनी अखेरच्या काळात गोसेवेचे काम इथूनच केले. या परिसरात गीताई मंदिराजवळ पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप उभा आहे. शेजारी छोटे जपानी मंदिर आणि मोठी बाग आहे. वर्ध्यात स्तूप व्हावा ही फुजी गुरुजींची इच्छा होती. ९ जानेवारी १९८५ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९९० च्या दशकात स्तूप पूर्ण झाला.

देवळाच्या सवयीने आलेला माणूस आधी दार शोधतो. देवळात गाभारा असतो, त्यात मूर्ती असते आणि दर्शनासाठी आत जावे लागते. स्तूपाची कल्पना याहून वेगळी आहे. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अस्थी वाटून घेऊन त्यांवर मातीचे उंचवटे रचले गेले. स्तूप हे त्या उंचवट्याचेच घडीव रूप. मुख्य घुमट भरीव असतो. त्याला ‘अंड’ म्हणतात. त्याच्यावर चौकोनी ‘हर्मिका’ आणि वर ‘छत्र’ असते. खाली ज्या चौथऱ्यावर अंड टेकते ती ‘मेधी’.

आत जागाच नाही म्हटल्यावर उपासना बाहेरून करायची, आणि बाहेरून करायची म्हणजे भोवती फिरायचे. स्तूप उजव्या हाताला ठेवून फिरणे म्हणजे प्रदक्षिणा. तिच्यासाठी राखलेली वाट म्हणजे प्रदक्षिणापथ. स्तूपाभोवती चालणे हीच पूजा आहे. अजिंठ्याच्या ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांत आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातही हीच योजना दिसते. स्तूप मागच्या अर्धगोलात असतो आणि खांबांच्या रांगेमागून त्याला वळसा घालता येतो. विदर्भातही ही परंपरा जुनी आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी इथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष सापडले.

वर्ध्याच्या स्तूपावर चार दिशांना बुद्धमूर्ती आहेत. फुजी गुरुजींच्या परंपरेतल्या स्तूपांवर, उदाहरणार्थ १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या राजगीरच्या स्तूपावर, बुद्धांच्या आयुष्यातले चार टप्पे दाखवलेले असतात : जन्म, ज्ञानप्राप्ती, पहिले प्रवचन आणि महापरिनिर्वाण. एका जागी उभे राहून हे चारही दिसत नाहीत. एकेक दिशा ओलांडत गेले तरच पूर्ण चरित्र डोळ्यांसमोर येते. वाचता न येणाऱ्यासाठी, किंवा इथली लिपी न येणाऱ्या परदेशी माणसासाठी, ही पायांनी वाचायची पोथीच आहे.

जवळच्या गीताई मंदिरातही हेच सूत्र वेगळ्या रीतीने आढळते. १९३०-३१ मध्ये विनोबांनी गीतेचे मराठी समश्लोकी रूपांतर केले, ती गीताई. तिचे अठराही अध्याय इथे उभ्या शिलांवर कोरले आहेत. वर छप्पर नाही, आत मूर्ती नाही. शिलांच्या रांगेने चालत गेले की गीता वाचून होते. ७ ऑक्टोबर १९८० रोजी विनोबांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. जपानी परंपरेतला स्तूप आणि मराठी गीताई एकमेकांच्या शेजारी उभी आहेत आणि दोन्हींचे दर्शन चालल्याशिवाय पुरे होत नाही.

स्तूपामागचे कारण

हे स्तूप बांधण्याची निकड कुठून आली, हे जाणल्याशिवाय यात्रेचा अर्थ पुरा कळत नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. तो फुजी गुरुजींचा साठावा वाढदिवस होता. तीन दिवसांनी नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला. युद्धानंतर त्यांनी जगभर शांतिस्तूप उभारण्याचे काम हाती घेतले आणि पहिला स्तूप १९५४ मध्ये त्यांच्याच कुमामोतोत उभा राहिला. भारतात राजगीरनंतर ओडिशातल्या धौली, लडाखमधल्या लेह आणि दार्जिलिंग इथेही ते झाले. धौलीची जागा कलिंगच्या युद्धाशी आणि अशोकाच्या मतपरिवर्तनाशी जोडलेली आहे.

पायी यात्रेलाही याच विचाराने नवे काम मिळाले. १९९४ च्या डिसेंबरात या संघाच्या पुढाकाराने नाझींच्या ऑश्विट्झ छळछावणीपासून पदयात्रा निघाली आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये, बॉम्बहल्ल्याच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी, हिरोशिमाला पोहोचली. हातातला ढोल तोच होता. तीर्थाच्या जागी मात्र माणसाने माणसावर केलेल्या अत्याचाराची ठिकाणे आली.

संध्याकाळ : सेवाग्रामची प्रार्थना

दुपारी ऊन टाळून विसावा घ्यावा आणि उतरत्या उन्हात सेवाग्रामची वाट धरावी. ढोल वाजवत, वंदन करत जायचे तर नेहमीच्या चालीपेक्षा वेळ जास्त लागतो, म्हणून दोन-अडीच तास हाताशी असावेत. वाटेत कापूस, तूर, सोयाबीनची शेते लागतात. पाणी जवळ हवे, डोक्याला दुपट्टा हवा आणि जोडे सहज काढता-घालता येतील असे हवेत, कारण दिवसात ते अनेकदा काढावे लागतात.

आश्रमात माती, बांबू आणि कौलांचे आदिनिवास आणि बापूकुटी आहे. प्रार्थना उघड्या जागेवर, जमिनीवर बसून होते. दिवसभर जो मंत्र आपल्या पावलांनी मोजला तोच मंत्र इथे प्रार्थनेच्या आरंभी मराठी-हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडून ऐकू येतो. आश्रमाने तो आपल्या उच्चारात, आपल्या चालीत म्हणायला घेतला. पण म्हणून मूळ साधनेत काही उणे आले नाही, कारण तिचा भर शब्दांच्या अचूकतेवर कधी नव्हताच.

अशाच इतर वाटा

परदेशी बौद्ध यात्रेकरू महाराष्ट्राला नवा नाही. चिनी भिक्षू ह्युएन त्संग इ. स. ६२९ च्या सुमारास निघाला. सोळाएक वर्षांच्या प्रवासात तो दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथल्या विहारांचे वर्णन त्याने लिहून ठेवले. त्याच्या आधी दोनशे वर्षे फाहियान बुद्धभूमी पाहायला भारतात आला होता.

जपानमधल्या शिकोकू बेटावर याच्या उलट दिशेची गर्दी असते. कूकाई (इ. स. ७७४–८३५) या आचार्यांच्या नावाने तिथे ८८ मंदिरांची सुमारे १२०० किलोमीटरची पायी वाट आहे आणि ती चालायला जगभरातून लोक येतात. यात्रेकरू पांढरे कपडे घालतो, हाती काठी घेतो, प्रत्येक मंदिरात वहीवर शिक्का आणि सुंदर हस्ताक्षर घेतो. वाटेवरचे गावकरी त्याला फळे, चहा, कधी मुक्कामाची जागा देतात. ही भेट नाकारायची नाही, असा तिथला रिवाज. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना जेवू घालणाऱ्या गावांना हा रिवाज सहज कळेल.

या सगळ्या वाटांची मांडणी एकच आहे. तत्त्वज्ञान शिकायला भाषा लागते, गुरू लागतो, वर्षे लागतात. चालणे, वळसा घालणे, वाकणे, ठोका देणे या कृती मात्र कुठल्याही देशातल्या माणसाचे शरीर पहिल्याच दिवशी करू शकते. अर्थ हळूहळू मागून येतो. जपानहून आलेला एक ढोल युद्धाच्या काळातही सेवाग्रामच्या प्रार्थनेत टिकला, तो याच कारणाने.

थोडक्यात

- ढोल : एका बाजूने कातडे, हाती धरायची मूठ. ठोक्यामुळे पावले एका मापात पडतात.
- मंत्र : सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन. म्हणताना श्वास सोडणे लांबते आणि मन स्थिरावते.
- वंदन : भेटेल त्याला. सदापरिभूत बोधिसत्त्वाची साधना. भाषेची अडचण इथेच सुटते.
- प्रदक्षिणा : स्तूपाचा घुमट भरीव असतो, म्हणून भोवती फिरणे हीच पूजा. स्तूप उजव्या हाताला ठेवावा.
- एका दिवसाची वाट : नालवाडी, गोपुरीचा विश्वशांती स्तूप, गीताई मंदिर, दुपारी विसावा, संध्याकाळी सेवाग्रामची प्रार्थना.
- योग्य काळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारी.